एका भिंतीवर सहा जणांची चित्रे
(भुसावळ येथील रात्रीच्या साक्षरता वर्गापुढे एका चित्रकला विद्यार्थ्याने केलेले भाषण)



 चित्रकला कशी शिकतात आणि आम्ही विद्यार्थी मिळून प्रदर्शन कसे भरवतो, एवढेच मी आज सांगणार आहे.

चित्रकलेच्या शाळेत गेले की लगेच रंग हातात देतात, असे नाही. आधी पाहायला शिकवतात. समोर एक मडके ठेवतात. उजेड कुठून आला? सावली कुठे पडली? ते नीट पाहायचे आणि पेन्सिलीने काढायचे. पुसायचे, पुन्हा काढायचे. तुम्ही पाटीवर अक्षर गिरवता ना, तसेच हे. रेघ ही आमची बाराखडी.

दुसरे शिक्षण म्हणजे जुन्या कामाचा अभ्यास. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 साली सुरू झाले. तिथले गुरू जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येऊ लागले. लेण्यांत बसून ते भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करीत. हे काम 1885 पर्यंत चालले. अजिंठा भुसावळपासून लांब नाही. आपण पाहिला नसेल तर जरूर पाहा. तिथे एक गोष्ट ध्यानात येते. एवढे काम कोणा एकट्याच्या हातून झालेले नाही. अनेक हात लागले, तेव्हा त्या भिंती बोलू लागल्या.

आता प्रदर्शनाचे सांगतो. नव्या माणसाला एकट्याने प्रदर्शन भरवणे परवडत नाही. दालनाचे भाडे, चौकटी, काच, पत्रिका, सगळ्याला पैसा लागतो. म्हणून आम्ही सहा जण एकत्र आलो. खर्चाचे सहा सारखे वाटे केले. चौकटी घरीच ठोकल्या. चित्रे गोणपाटात बांधून नेली.

खरी अडचण पुढेच होती. भिंतीवर जागा बारा चित्रांची, आणि चित्रे आली तीस! कोणती ठेवायची? आम्ही एक नियम केला. आपल्या चित्राबद्दल आपण बोलायचे नाही. बाकीचे पाच जण ठरवतील. माझे सर्वांत आवडते चित्र त्यात गळाले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण नियम सर्वांचा होता. एकी म्हणतात ती हीच. तिच्यात थोडे आपले सोडावे लागते, तेव्हा सर्वांना भिंत मिळते.

ही वाट आमच्याआधी मोठ्यांनी चालून दाखवली. 1947 साली मुंबईत सहा कलावंतांनी एक मंडळ काढले. त्याचे नाव प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे हे ते सहा जण. त्या वेळी त्यांच्यापाशी पैसा नव्हता. कृष्णाजी हौळाजी आरा यांनी लोकांच्या घरी नोकर म्हणून कामे केली होती, मोटारी धुतल्या होत्या. पंढरपूरला जन्मलेले हुसेन सिनेमाची मोठी चित्रफलके रंगवीत. 1949 साली या मंडळाचे प्रदर्शन मुंबईत भरले. पुढे 1953 साली कोल्हापूरच्या भानू राजोपाध्ये यांची चित्रेही मंडळाच्या प्रदर्शनात लागली. त्याच पुढे भानू अथैया झाल्या. 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांना 1983 साली ऑस्कर मिळाले. ते मंडळ फार वर्षे टिकले नाही. कोणी लंडनला गेले, कोणी पॅरिसला. पण ज्यांना एकेकट्याला दार उघडत नव्हते, त्यांनी मिळून ते उघडले.

आता तुमच्याविषयी बोलतो. आम्ही आपल्या भागात प्रदर्शन मांडले, तेव्हा पुष्कळ माणसे दारापर्यंत आली आणि थबकली. कोणी विचारले, "तिकीट किती?" तिकीट नव्हतेच. कोणी म्हणाले, "आम्हाला त्यातलं काय कळणार?" शेतावर मजुरीला जाणाऱ्या एक मावशी मात्र आत आल्या. केळीच्या बागेचे चित्र होते, त्यापुढे उभ्या राहिल्या. मग शेजारणीला म्हणाल्या, "वारं सुटेल दिसतं. पानं सारे फाटेल हायेत."

चित्रात वारा काढता येत नाही. तो फाटलेल्या पानांवरूनच ओळखायचा असतो. मावशींनी तो ओळखला. याला चित्र वाचणे म्हणतात. आमच्या सहा जणांच्या मेहनतीला त्या वाचणाऱ्या भेटल्या, म्हणून प्रदर्शन पुरे झाले. बघणारा नसेल तर भिंतीवर नुसते कागद टांगलेले राहतात.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. प्रदर्शन दिसले की दारात थांबू नका. आत या. मुलांना आणा. मुंबईला गेलात तर 1952 साली सुरू झालेली जहांगीर आर्ट गॅलरी पाहा. तिथे आत जायला पैसे पडत नाहीत. चित्र आवडले तर तसे सांगा. आवडले नाही, तर तेही सांगा. वहीत दोन ओळी लिहा. आता तर तुम्हाला लिहिता येते!