वळिवड्याचे पोलिश पाहुणे

मिरजेहून कोल्हापूरकडे निघालं की वळिवडे लागतं. 1943 ते 1948 या काळात या गावी सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं.

1940-41 मध्ये सोव्हिएत सत्तेनं त्यांना घरांतून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. उपासमारीनं आणि आजारानं कित्येक दगावले. जुलै 1941 च्या पोलिश-सोव्हिएत करारानं सुटका झाली, पण जायचं कुठं? आधी इराण गाठलं. तिथून पुढं मात्र वाट चोरून शोधावी लागली नाही, दलालांचे खिसेही भरावे लागले नाहीत. कराचीपर्यंत जहाज, पुढं आगगाडी, राहायला बराकी, मुलांना शाळा, दवाखाना, चर्चसुद्धा! ही सारी तजवीज सरकारांनी आपसांत बोलून केली होती.

पोलिश गेल्यावर त्याच छावणीत फाळणीतले सिंधी निर्वासित वसले. कापडाच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेलं गांधीनगर ते हेच.

आज? भारतानं 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, वेगळा निर्वासित कायदाही नाही. तिबेटींना गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ वसाहत मिळाली. म्यानमार, अफगाणिस्तानातून आलेल्यांना बहुधा दिल्लीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत नोंद करून वाट पाहावी लागते. आसरा कुणाला, हे कायद्याऐवजी त्या वेळच्या धोरणावर ठरतं, आणि याला न्याय्य म्हणणं कठीण आहे.