राजदूतचं इंजिन आम्ही उघडलं

पालमहून आमच्या बचत गटांच्या वतीनं आम्ही बोलतो आहोत. शेळीपालन, परसबाग, बँकेचं कर्ज हे विषय या कार्यक्रमात नेहमी होतात. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. जुन्या मोटारसायकलचं इंजिन घरच्या अंगणात कसं उघडायचं, साफ करायचं आणि परत बसवायचं, हे आज सांगायचं आहे. हसा, पण शेवटपर्यंत ऐका. कारण यात इंजिनाइतकीच बाईच्या हक्काचीही गोष्ट आहे.

आपल्या भागात राजदूत माहीत नाही असं घर नाही. दुधाचे कॅन, खताचं पोतं, बाजाराच्या पिशव्या, मागे बायको आणि टाकीवर लेकरू, एवढं सगळं घेऊन ती कच्च्या रस्त्यानं जायची. एस्कॉर्ट्स कंपनीनं १९६२ साली पोलंड देशातल्या एसएचएल गाडीच्या परवान्यावर ती भारतात बनवायला घेतली. १७५ सीसीचं इंजिन, तीन गिअर, बांधणी साधी. १९७३ साली ‘बॉबी’ सिनेमात तिची धाकटी बहीण दिसली आणि लोक त्या छोट्या गाडीलाच बॉबी म्हणायला लागले. आपल्याकडं गमतीनं म्हणतात ना, जगात जर्मनी, भारतात परभणी! तर पोलंडच्या या एसएचएल कंपनीनं महायुद्धानंतर बनवलेल्या पहिल्या गाडीचं इंजिन जर्मनीच्या डीकेडब्ल्यू गाडीवरूनच उचललेलं होतं. म्हणजे जर्मनीचं नातं खरोखर परभणीच्या गोठ्यापर्यंत आलं.

आमच्या गटातल्या एका ताईच्या गोठ्यात अशीच एक राजदूत चार वर्षं उभी होती. ताईचे मालक गेले तेव्हापासून तिला कुणी हात लावला नव्हता. कोंबड्या तिच्यावर बसायच्या. भंगारवाला येऊन किलोवर भाव सांगून गेला. दीर म्हणाले, “भावाची गाडी आहे, आम्ही विकून टाकतो.” ताई गप्प बसली. पण गटाच्या बैठकीत तिनं विचारलं, “गाडी विकायची का ठेवायची, हे माझ्याकडं आहे का नाही?”

हा प्रश्न आम्ही इतिवृत्तात लिहून घेतला आणि माहिती काढली. ती तुम्हीही लिहून घ्या. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे त्याची बायको, मुलं-मुली आणि आई. त्यांच्यातलं कुणी हयात असताना भावाचा हक्क येत नाही. इतर धर्मांच्या भगिनींना वेगळे नियम लागू होतात, ते वकिलाला विचारावेत. गाडी नावावर करायला आरटीओचा ३१ नंबरचा फॉर्म असतो. मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत हा फॉर्म भरायचा. मुदत उलटली म्हणजे हक्क गेला असं नाही. उशिराचा दंड भरावा लागतो, पण काम होतं. मृत्यूचा दाखला, आरसी बुक आणि बाकीच्या वारसांची संमती लागते.

ताईच्या घरी बाकीचे वारस म्हणजे तिची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचं वय पंच्याहत्तरच्या वर. आम्हाला वाटलं, त्या धाकट्या लेकाच्या बाजूनं बोलतील. त्यांनी कागद वाचून घेतला आणि म्हणाल्या, “माझा लेक हिच्यावर बसून बाजारला जायचा. राहू द्या तिला,” आणि अंगठा दिला. त्या दिवशी दीर काही बोलले नाहीत.

आता पैशाची गोष्ट. ताईनं अंतर्गत कर्ज मागितलं, पाच हजार रुपये. बैठकीत चांगलाच वाद झाला. एक काकू म्हणाल्या, “म्हशीला द्या, शिलाई मशीनला द्या. जुन्या लोखंडाला कशाला?” दुसरी म्हणाली, “पुरुषानं मागितलं असतं तर कुणी विचारलं असतं का?” पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. त्यात कर्ज कशाला द्यायचं नाही, हे कुठंच लिहिलेलं नाही. परतफेड होईल का, एवढंच बघायचं असतं. ताईची परतफेड कधी थकली नव्हती. दहा हप्त्यांवर कर्ज मंजूर झालं. एक अट घातली. काम गॅरेजला द्यायचं नाही, अंगणात करायचं आणि ज्या मुलींना शिकायचं असेल त्यांना शिकू द्यायचं.

गावातले एक म्हातारे मिस्त्री, आता दुकान बंद केलेले, शिकवायला तयार झाले. सहा रविवार काम चाललं. त्यात जे शिकलो ते क्रमानं सांगतो.

हे टू-स्ट्रोक इंजिन आहे. पिस्टन वर जातो तेव्हा वरचं पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि त्याच वेळी खालच्या पेटीत नवीन मिश्रण ओढलं जातं. वर ठिणगी पडते, भडका होतो, पिस्टन खाली येतो. खाली येताना धूर जायचं भोक उघडतं आणि खालच्या पेटीतलं मिश्रण बाजूच्या वाटांनी वर ढकललं जातं. लोहाराचा भाता डोळ्यासमोर आणा, म्हणजे समजेल. खालची पेटी मिश्रणाच्या वाटेतच असल्यामुळं तिथं वेगळं ऑइल भरून ठेवता येत नाही. म्हणून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो. जास्त झालं तर धूर होतो, प्लग ओला होतो आणि काजळी साचते. नेमकं प्रमाण गाडीच्या पुस्तकात किंवा ऑइलच्या डब्यावर बघावं, अंदाजानं ओतू नये.

जुनी गाडी चालू होत नसेल तर मिस्त्री तीनच गोष्टी बघतात. करंट, पेट्रोल आणि कॉम्प्रेशन. म्हणजे ठिणगी पडते का, पेट्रोल पोचतं का आणि दाब बनतो का. आमच्या राजदूतची किक खालीच जात नव्हती, इंजिन जाम होतं. अशा वेळी किकवर उभं राहायचं नाही, नाहीतर आतलं काहीतरी तुटतं. प्लग काढला, त्या भोकातून थोडं डिझेल आणि ऑइल सोडलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं. मग गाडी गिअरमध्ये टाकून मागे-पुढे हलवली. तिसऱ्यांदा आतून हलकं ‘टक’ झालं आणि पिस्टन सुटला. त्या आवाजावर अंगणात टाळ्या पडल्या.

मग हेड उघडलं. हेडचे नट एकदम एका बाजूचे सोडायचे नाहीत. समोरासमोरचे, थोडे थोडे सोडायचे. बसवतानाही तसंच, नाहीतर हेड वाकतं. सुटे भाग ठेवायला मिस्त्रींनी पत्र्याचा डबा मागितला. एका मुलीनं घरातला जुना मिसळणाचा डबा आणला. सात वाट्या, सात जागचे नट. हेडचे एकीत, कार्बोरेटरचे दुसरीत. शिवाय प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो. मिस्त्री म्हणाले, “चाळीस वर्षं मी हे डोक्यात ठेवत होतो. तुमचं बरं आहे.”

सिलिंडर काढल्यावर खरं दुखणं दिसलं. पिस्टनच्या रिंगा काजळीनं खाचेत चिकटून बसल्या होत्या आणि सिलिंडरच्या आत ओरखडे होते. धूर जायचं भोक तर निम्मं बुजलेलं. काजळी लाकडी काडीनं काढायची. धारदार लोखंडानं खरवडलं तर ॲल्युमिनियमला खाचा पडतात. सिलिंडर परभणीला लेथवर नेऊन बोअर करून घेतला आणि त्या मापाचा थोडा मोठा पिस्टन आणला. पिस्टनवर बाणाची खूण असेल तर ती धूर जायच्या बाजूला येते. रिंगेची दोन टोकं खाचेतल्या बारीक पिनेवर बरोबर बसवायची, नाहीतर टोक भोकात अडकून रिंग तुटते. पिस्टनच्या पिनेचं लॉक आणि गास्केट जुनं परत वापरायचं नाही.

कार्बोरेटरचं जेट म्हणजे सुईच्या टोकाएवढं भोक. त्यात तार घालायची नाही, भोक मोठं होतं. पेट्रोलनं धुऊन फुंकायचं किंवा पंपानं हवा मारायची. करंटसाठी पॉइंटची तोंडं बारीक पॉलिश पेपरनं साफ केली आणि फट पत्तीच्या मापानं लावली. हे बारीक काम आमच्या शिवणकाम करणाऱ्या मुलींनी मिस्त्रींपेक्षा लवकर केलं. हे आम्ही नाही, मिस्त्रीच म्हणाले.

एक नवीन गोष्ट जुन्या पुस्तकांत नसते. हल्ली पेट्रोलमध्ये उसापासून, धान्यापासून बनलेलं इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वायसर त्यानं फुगतात, मऊ पडतात. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, आणि पाणी जास्त झालं की ते टाकीच्या तळाशी बसतं. म्हणून पाइप नवीन टाकावा आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करावा.

सुरक्षेचंही ऐका. पेट्रोलचं काम उघड्या अंगणात करायचं, चूल आणि गॅस लांब. पदर आणि ओढणी खोचलेली, बांगड्या काढलेल्या, केस बांधलेले. लेकरं जवळ नकोत. बंद खोलीत इंजिन चालू करायचं नाही. तो धूर जीव घेतो.

मैत्रिणींनो, हे बाईचं काम नाही असं कुणी म्हणालं तर एक नाव सांगा, बिअट्रिस शिलिंग. ही इंग्लंडची इंजिनिअर. लहानपणापासून मोटारसायकलीशी खेळणारी. १९३४ साली ब्रूकलँड्सच्या ट्रॅकवर तिनं नॉर्टन गाडी ताशी १०० मैलांच्या वर पळवली. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांची लढाऊ विमानं नाक खाली करून झेपावली की इंजिन बंद पडायचं, कारण कार्बोरेटरमधल्या पेट्रोलचा मेळ बिघडायचा. १९४१ साली हिनं त्यावर उपाय काढला. मधोमध भोक असलेली धातूची छोटी चकती, वायसरसारखी. वैमानिकांचे जीव त्या चकतीनं वाचले. आपण ज्या कार्बोरेटरला हात लावायला बिचकतो, त्याचीच ही गोष्ट आहे.

सहाव्या रविवारी राजदूत सुरू झाली. अकराव्या किकला. आधी पांढरा धूर, मग तो जुना आवाज. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी डोळ्याला पदर लावला. ताई मात्र गाडीकडं बघत उभी राहिली आणि मुलीला म्हणाली, “ऑइल किती टाकलं, वहीत लिही.”

खरं सांगायचं तर आजच्या तारखेला गाडी रस्त्यावर नाही. नोंदणीची मुदत संपलेली आहे. गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. विमा आणि पीयूसी वेगळं. २० वर्षांवरच्या गाड्यांची फी वाढलेली आहे, ती आधी विचारून घ्यावी. काही जणींनी विचारलं, “जुन्या गाड्यांना म्हणे ‘विंटेज’ नंबर मिळतो?” मिळतो. २०२१ च्या नियमानुसार ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला. पण त्याची फी २० हजार रुपये आहे आणि अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. ताईची गाडी तेवढी जुनी नाही आणि तिला ती कामालाच हवी आहे. वारसाचे कागद दाखल झालेत. नाव लागलं की नूतनीकरण.

मग पाच हजारांतून मिळालं काय, असं त्या काकूंनी पुढच्या बैठकीत विचारलं. विचारायलाच पाहिजे होतं. उत्तर त्यांच्याच घरी होतं. त्यांचा पेट्रोलवरचा फवारणी पंप ऐन हंगामात बंद पडला होता. आपल्याकडच्या बऱ्याच पाठीवरच्या पंपांत हेच छोटं टू-स्ट्रोक इंजिन असतं. ताईच्या मुलीनं प्लग काढला, काजळी साफ केली, जेट धुतलं आणि पंप सुरू झाला. काकूंनी मजुरी दिली आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीचा पंप पाठवला. आता तिघी मुली मिळून पंप दुरुस्त करतात. वहीत प्रत्येकीचं नाव, काम, आलेले पैसे लिहिलेले असतात. ताईचे सात हप्ते फिटले आहेत, त्यातले शेवटचे तीन मुलीच्या कमाईतून.

तुमच्या घरीही गोठ्यात, ओसरीत एखादी गाडी, लूना किंवा पंप उभा असेल. भंगारवाला दारात येण्याआधी दोन गोष्टी करा. आरसी बुक काढून बघा, नाव कुणाचं आहे. आणि गाडी भंगारात द्यायचीच असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्या, म्हणजे ती कागदावर तुमच्या नावानं फिरत राहणार नाही. ठेवायची असेल तर पुढच्या बैठकीला फोटो घेऊन या. येताना घरातला जुना मिसळणाचा डबाही आणा. आमच्याकडं पाने आहेत, वाट्या कमी पडतात.