नळीतली नळी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी ‘शाळेची एक आठवण’ सांगायला सांगितले आहे. माझी आठवण एनसीसीची आहे, आणि ती फारशी अभिमानाची नाही.

१९७८. आपण नववीत. खालापूर तालुक्यात कॅम्प लागला होता. तिथे पंचवीस यार्डांवरून पॉइंट टू टूची फायरिंग. आपल्या हाती असायच्या त्या जुन्या, जडशीळ रायफली आठवतात? मॅगझिन असूनही गोळी एकेक करून भरावी लागे, आणि बोल्ट ओढला की रिकामी पुंगळी त्या पोकळ मॅगझिनमध्ये पडे. शेवटी पुंगळ्या मोजून द्यायच्या. एक कमी भरली की अख्खी तुकडी गवतात शोधत बसे!

माझ्या पाच गोळ्यांपैकी एकही धड लागली नाही. त्याच रायफलीने माझ्या बाकावरच्या मित्राने पाचही गोळ्या रुपयाएवढ्या जागेत बसवल्या. संध्याकाळी सफाई करताना मला नळीच्या तोंडाशी एक बारीक गोल रेघ दिसली. मी ओरडलो, “नळी फुटलीय!” हवालदारसाहेबांनी वाद घातला नाही. पोरांच्या हातात संशयाची रायफल नको, म्हणून ती बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी निवड. मित्राला दुसरी रायफल मिळाली, गोळ्या पांगल्या, संघातून नाव गेले.

पुढे मी आयटीआय करून खोपोलीच्या एका कारखान्यात टूलरूमला लागलो. एकदा डिझेल इंजिनाचा झिजलेला सिलिंडर आला. आमच्या वस्तादांनी तो आतून मोठा केला आणि त्यात नवा लायनर ठोकून बसवला. तोंडाशी पाहतो तर तीच गोल रेघ! हातातला व्हर्नियर तसाच राहिला.

मग जमेल तसे वाचत गेलो. आपल्या त्या रायफली मुळात लष्कराच्या थ्री-नॉट-थ्री. हजारो गोळ्यांनी नळीतले आटे झिजले की नेम राहत नाही, पण बाकी सांगाडा धडधाकट असतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बर्मिंगहॅमच्या पार्कर कंपनीने युक्ती काढली. झिजलेली नळी आतून मोठी करायची आणि पॉइंट टू टूचे आटे पाडलेली पातळ नळी तीत घालून डाख देऊन पक्की करायची. म्हणजे ७.७ मिलिमीटरच्या जागी ५.६. बोल्टचे तोंडही बदलावे लागे, कारण मोठ्या काडतुसाला मध्यभागी ठोका लागतो, तर पॉइंट टू टूची दारू पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत असतो. तिथे मधोमध ठोका मारून उपयोग नाही. वजन तेच, बोल्ट तोच, गोळी मात्र स्वस्त आणि धक्का जवळजवळ नाहीच. नवशिक्यांना आणखी काय हवे? आपल्याकडे ईशापूरच्या कारखान्यात जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या पोलिसांसाठी पॉइंट फोर-टेनच्या एकनळी बंदुकाही केल्या गेल्या. (लेथ असलेल्या मित्रांनो, डोळे चमकवू नका. हे काम सरकारी कारखान्याचे. परवान्याशिवाय हात लावलात तर १९५९ चा शस्त्र कायदा आहे.)

म्हणजे ती भेग नव्हती, जोड होता. रायफल उत्तम होती.

मित्र आज दुसऱ्या रांगेत बसला आहे. गेल्या आठवड्यात फोनवर त्याला हे सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “वस्ताद भेग कशी ओळखायचे रे?”

मी म्हटले, “आधी नख फिरवायचे. अडकले तर संशय घ्यायचा.”

“मग तू तेव्हा फिरवलं नव्हतंस?”

तेव्हा फोनवर मी विषय बदलला. आज सगळ्यांसमोर सांगतो. फिरवले होते, गड्या. अडकले नव्हते.