हाडांचं पंचांग
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

महाराष्ट्रात ‘मॅरेथॉन’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. मंत्रिमंडळाची बैठक चार तास लांबली की ती मॅरेथॉन बैठक. नगरसेवकाच्या वाढदिवसाला तीन किलोमीटरची दौड निघाली की तीही मॅरेथॉन. बारामतीच्या लता भगवान करे नवऱ्याच्या तपासण्यांचा खर्च निघावा म्हणून नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. 2020 साली त्यांच्याच नावाचा चित्रपट आला आणि त्यात त्यांची भूमिका त्यांनी स्वतःच केली. ती धाव तीन किलोमीटरची होती. बाईंचं मोल त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. आजचा विषय मात्र 42 किलोमीटर 195 मीटरचा आहे, आणि हे अंतर आयुष्यात पहिल्यांदा कापायला निघालेल्या हौशी माणसांचा आहे.

त्या 195 मीटरचीही एक गंमत आहे. 1896 साली अथेन्सला पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये ही शर्यत साधारण 40 किलोमीटरची होती आणि ती पाणी वाहून पोट भरणाऱ्या स्पिरिडॉन लुईसनं जिंकली. 1908 साली लंडनमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू झाली आणि स्टेडियममधल्या राजघराण्याच्या सज्जासमोर संपली. ते अंतर भरलं 26 मैल 385 यार्ड. पुढे 1921 साली तेच कायमचं ठरलं. लंडनच्या त्या शर्यतीत इटलीचा डोरांडो पिएत्री सगळ्यांच्या पुढे स्टेडियममध्ये शिरला, चुकीच्या दिशेला वळला, पुन्हापुन्हा कोसळला. पंचांनी हात देऊन त्याला रेषेपार नेलं आणि त्या मदतीपायीच तो बाद ठरला. चाळीस किलोमीटर संपल्यावर पाय उचलेनासे झालेल्या माणसाला इंग्लंडच्या राजघराण्याच्या नावानं बोटं मोडावीशी वाटली, तर त्यात चूक काही नाही.

मराठी मुलखाचं या शर्यतीशी नातंही जुनं आहे. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावताना दोराबजी टाटांनी पाहिली. अशा मुलांना ऑलिंपिकला पाठवावं हा विचार तिथे रुजला. 1920 साली अँटवर्पला सहा जणांचा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. तिथली मॅरेथॉन ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब, 42.75 किलोमीटरची. चौगुल्यांनी ती 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत पुरी केली आणि एकोणिसावे आले. आजचे महागडे बूट, मनगटावरचं घड्याळ आणि मोबाईलमधला प्रशिक्षक हे सगळं असूनही बहुतेक हौशी धावपटूंना ही वेळ स्वप्नातसुद्धा गाठता येत नाही.

आजचा हौशी धावपटू मात्र वेगळ्या घरातला आहे. खेड्यात पहाटे रस्त्यावर पोरगा धावताना दिसला की लोक विचारतात, “भरतीची तयारी का?” त्याचं अंतर 1600 मीटर, मुलींचं 800, आणि पलीकडे पोलिसाची नोकरी. शहरात धावणारा बहुधा चाळिशीकडे झुकलेला असतो. नोकरी लागून पंधरा वर्षं झालेली, पोट सुटलेलं, वार्षिक तपासणीच्या अहवालात साखरेच्या आकड्यापुढे बाण आलेला. सोसायटीतला कुणी तरी गळ्यात पदक घालून फोटो टाकतो आणि याचं डोकं फिरतं. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 पासूनची, मुंबईची 2004 पासूनची. पण शिवाजी पार्कावर, मरीन ड्राइव्हला, पुण्याच्या टेकड्यांवर आणि कोल्हापूरच्या रंकाळ्याभोवती पहाटे पाचला जी गर्दी दिसते, ती मुख्यतः अलीकडच्या दोन दशकांतली.

या माणसाची पहिली चूक ठरलेली असते. तो जोरात धावतो.

पहिले पंधरा दिवस धाप लागते, मग अचानक सोपं वाटू लागतं. त्याला कारण आहे. नियमित धावू लागल्यावर रक्तातला द्रव थोड्याच दिवसांत वाढतो, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलतं आणि दीड-दोन महिन्यांत माणूस स्वतःवर खूश होतो. हाडांचं पंचांग मात्र वेगळं असतं. जुन्या घराची डागडुजी करताना आधी सुटलेला गिलावा पाडतात, नवा नंतर चढतो. मधल्या काळात भिंत उघडी असते. हाडांतही तसंच घडतं. ताण वाढला की जुना भाग खरवडणाऱ्या पेशी आधी कामाला लागतात. त्यांचं काम काही आठवड्यांत उरकतं, नवं हाड भरून यायला मात्र तीन-चार महिने लागतात. म्हणजे छाती ‘पळ’ म्हणत असते नेमकी तेव्हाच नडगी आणि पाऊल सर्वांत कच्चं असतं. हे सर्वांत आधी लष्करानं भोगलं. 1855 साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरनं कवायत करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन लिहून ठेवलं. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा चाळीस वर्षं बाकी होती. पुढे कळलं की त्या पावलांत बारीक तडे गेलेले असत. आज रनिंग ग्रुपवर ‘शिन पेन आहे, काय लावू?’ असा प्रश्न येतो, त्यामागे कधी नुसती सूज असते, तर कधी तोच तडा. बोटानं दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल तर मलम बाजूला ठेवून हाडाच्या डॉक्टरांकडे जावं.

थोडा हिशोब करू. पाच तासांत मॅरेथॉन संपवायची तर किलोमीटरला सात मिनिटं सात सेकंद पडतात. मिनिटाला 160 पावलं धरली तर एकूण 48 हजार पावलं होतात. प्रत्येक पावलावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो.

मग धावायचं कसं? हळू. इतकं हळू की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. हा विचार न्यूझीलंडच्या आर्थर लिडियर्डचा. ऑकलंडच्या बुटांच्या कारखान्यात काम करणारा हा माणूस स्वतःच्या शरीरावर प्रयोग करत प्रशिक्षक झाला. त्याचा शिष्य पीटर स्नेल 800 मीटर धावणारा, म्हणजे दोन मिनिटांच्या आतला खेळ. तरीही लिडियर्ड त्याला रविवारी डोंगरातून 22 मैल पळवायचा. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलनं 800 मीटरचं आणि लिडियर्डच्याच मरे हॅलबर्गनं 5000 मीटरचं सुवर्ण एकाच दुपारी मिळवलं. मला त्याहून मोलाचं वाटतं ते लिडियर्डनं दोन वर्षांनी केलेलं काम. ऑकलंडमधल्या मध्यमवयीन, सुटलेल्या पोटांच्या माणसांना त्यानं रमतगमत पळायला शिकवलं, आणि त्यांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेलेही होते. आज आपण ज्याला ‘जॉगिंग’ म्हणतो त्याचं लोण तिथून अमेरिकेत गेलं. पुढे 1972 च्या ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटर धावलेल्या जेफ गॅलोवेनं नवशिक्यांना आणखी एक सवलत दिली. थोडं धावा, थोडं चाला, आणि दमण्याची वाट न पाहता पहिल्यापासूनच चाला. आपल्याकडे मात्र धावताना चालणं म्हणजे नाक कापल्यासारखं वाटतं. हा भ्रम सोडला तर निम्मे गुडघे वाचतील, असं माझं मत आहे.

आठवड्याला अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हे वाक्य प्रत्येक ग्रुपवर वेदवाक्यासारखं फिरतं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला सुमारे पाचशे नवशिक्यांवर ते तपासलं गेलं. निम्म्यांना दहा टक्क्यांच्या बेतानं तेरा आठवडे तयार केलं, बाकीच्यांना नेहमीच्या आठ आठवड्यांत. दोन्ही गटांत पाचांपैकी साधारण एकाला दुखापत झाली. म्हणजे आकडा पाळला म्हणून पाय वाचतोच असं नाही. दर तीन आठवड्यांनी एक आठवडा अंतर कमी करावं, आठवड्यात दोन दिवस बूट घालूच नयेत, आणि पायऱ्या, बैठका यांनी मांड्या-पोटऱ्या कणखर कराव्यात. या सगळ्याला कुणी लाइक देत नाही, ही अडचण आहे.

बुटांवर आपले लोक जितकं बोलतात तितकं झोपेवर बोलत नाहीत. अबेबे बिकिला 1960 साली रोमला अनवाणी जिंकला. भारताच्या शिवनाथ सिंगनी 1978 साली जालंधरला 2 तास 12 मिनिटांची वेळ दिली, ती चार दशकांहून अधिक काळ कुणाला मोडता आली नाही, आणि तेही अनवाणी धावण्यासाठी प्रसिद्ध होते. याचा अर्थ उद्या चपला फेका असा नाही. पायाला बसतील असे, अंगठ्यापुढे थोडी जागा सोडणारे बूट पुरेत.

रविवार हा ‘लाँग रन’चा दिवस. पहाटे चारचा गजर, अर्धवट झोपलेली गल्ली, अंगावर येणारी कुत्री, आणि सातनंतर कुठे तरी पोहे किंवा मिसळ. एकट्या बाईला अंधारात दोन तास धावायचं तर दिवे असलेला रस्ता आणि सोबत लागते. रनिंग ग्रुपचा खरा उपयोग वेग राखण्यापेक्षा या सोबतीचा. पावसाळ्यात मोजे भिजून कातडी सोलवटते, त्यावर व्हॅसलीन हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय. ऑक्टोबरच्या उकाड्यात वेग आपोआप पडतो, तो पडू द्यावा.

लाँग रन कशासाठी, हे पोटाच्या भाषेत सांगता येईल. यकृत आणि स्नायूंमध्ये मिळून साधारण पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन (साठवलेली साखर) मावतं, म्हणजे दोन हजार कॅलरी. किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे एक कॅलरी खर्च होते. 65 किलोच्या माणसाला 42 किलोमीटरना 2700 लागतात. सातशेचा खड्डा चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्यातून भरावा लागतो. सुरुवातीला वेगानं धावलं की साखर लवकर जळते आणि तिसाव्या किलोमीटरच्या आसपास माणूस भिंतीवर आपटतो. पाय शिशाचे होतात, डोकं भलभलते विचार करतं. म्हणून तीन-साडेतीन तासांच्या सरावात खाण्याचीही तालीम करायची. खजूर, केळं, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, राजगिऱ्याची चिक्की, नाही तर पाकिटातली जेल. जे सरावात पचलं तेच शर्यतीत. आदल्या रात्री वरणभात. लग्नातल्या पंगतीसारखं जेवू नये.

पाण्याचंही तसंच. ‘तहान लागण्याआधी प्या’ हा सल्ला अनेकांना नडला. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉननंतर 488 धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम घसरलेलं निघालं. पाणी ढोसढोसून शर्यतीत वजन वाढलेले आणि रेंगाळत धावलेले त्यात जास्त होते. तहान लागली की घोटभर प्यावं, मीठही घ्यावं. आणि शर्यतीच्या सकाळी दुखण्यावरची गोळी घेऊन उभं राहू नये. पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडावर ती भारी पडते.

घरच्यांची भीती हृदयाची असते. अमेरिकेत 2000 ते 2010 या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या एक कोटी नऊ लाख लोकांचा हिशोब मांडला गेला. त्यात 59 जणांचं हृदय बंद पडलं, 42 जण दगावले. प्रमाण अगदी थोडं आहे, पण त्यात पुरुष जास्त आणि पूर्ण मॅरेथॉनवाले जास्त. चाळिशी ओलांडलेल्यानं, घरात हृदयविकार असलेल्यानं, साखर-रक्तदाबवाल्यानं आधी डॉक्टरांना भेटावं. धावताना छातीत दडपण आलं की थांबावं. पदक पुढच्या वर्षीही मिळतं.

शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करायचं असतं, आणि तेव्हाच मन सर्वांत बेचैन होतं. मुंबईत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी हौशी मंडळी पहाटे पाचच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी उभी असतात. पाच तासांचा धावपटू दहाला पोहोचतो, सहा तासांचा अकराला, म्हणजे शेवटचे दोन-तीन तास उन्हातले. झेंडा घेऊन ठरावीक वेगानं धावणाऱ्या पेसरच्या मागे घोळका असतो, त्याला धावपटू ‘बस’ म्हणतात. नवशिक्यानं आपल्याहून संथ बस पकडावी, उतरायला केव्हाही येतं. अनेक वर्षं परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ थकलेल्या पायांसमोर उभा राहत आला. त्या शर्यतीचं खरं वैभव दुतर्फा उभ्या लोकांत आहे. कुणी संत्र्याच्या फोडी धरून उभं असतं, कुणी चिक्की, कुणी दुखऱ्या पोटरीवर मारायचा स्प्रे. हे लोक कुठल्याही आयोजकाच्या यादीत नसतात.

आता वसंत आहे. जानेवारीचा तिसरा रविवार साडेआठ-नऊ महिने दूर आहे. आजवर कधीच न धावलेल्यानं येत्या जानेवारीत अर्धमॅरेथॉन धावावी आणि पूर्ण त्यापुढच्या जानेवारीत, हे माझं स्पष्ट मत. जे आधीपासून आठवड्याला वीस-पंचवीस किलोमीटर करतात, त्यांना मात्र हा अवधी नीट पुरतो. तुमच्यापैकी ज्यांनी आज मनात धरलं असेल, त्यांनी उद्या पहाटे अर्धा तास, शेजाऱ्याशी बोलता येईल इतकं हळू, धावून-चालून यावं. परवा धावू नये.