गोगलगाय आणि तिचं बेट
(रामटेक येथील व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



रामटेकचा गड चढणारा माणूस मंदिर पाहतो, खिंडसी तलावाचं पाणी पाहतो, कालिदासाचा मेघ आठवतो. पावसाळ्यात दगडावरून सरकणारी गोगलगाय मात्र कुणी पाहत नाही. आज मी तिच्याबद्दल बोलणार आहे.

1850च्या दशकात जगाच्या दोन टोकांना दोन माणसं शंख गोळा करत होती. एक आपल्या नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप. नागपूरच्याच टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या मातीत त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म मिळाले. दुसरा हवाई बेटांवर जन्मलेला मिशनऱ्याचा मुलगा, जॉन गुलिक. ओआहू बेटावर त्याला दिसलं की शेजारशेजारच्या खोऱ्यांत झाडं तीच, पाऊस तोच, पण शंखांचे रंग नि पट्टे वेगळे. नुसत्या हवापाण्याने हा फरक पडत नाही, खोरी एकमेकांपासून तुटल्यानेही पडतो, असं त्याने 1872 साली मांडलं. माझ्या मते उत्क्रांतीच्या अभ्यासातला हा सर्वांत दुर्लक्षित विचार आहे. मधला डोंगर गोगलगायीला समुद्रासारखा अडवतो, म्हणून एका बेटात तिची अनेक बेटं होतात.

मग मुळात ती समुद्र ओलांडून बेटावर आली कशी? डार्विनने शंखाच्या तोंडावर पापुद्रा धरून झोपलेली गोगलगाय खाऱ्या पाण्यात 20 दिवस बुडवून पाहिली, ती जगली. आपल्याकडच्या गोगलगायीही असाच पापुद्रा धरून वैशाख काढतात.

ताहितीशेजारच्या मोरिआ बेटावर संशोधक हेन्री क्रॅम्प्टन यांनी पार्टुला गोगलगायींवर उभं आयुष्य घालवलं. तिथल्या एका जातीत वामावर्ती (डाव्या पिळाचे) आणि दक्षिणावर्ती (उजव्या पिळाचे) असे दोन्ही शंख होते. जिथे तिची दुसऱ्या जातीशी गाठ पडे, तिथे तिचा पीळ त्या जातीच्या उलट्या दिशेचा असे आणि त्यामुळे संकर टळे. नव्या जाती वेगळ्या कशा राहतात, हे इतकं उघड दुसरीकडे क्वचितच दिसतं.

ते दृश्य आपण पुसून टाकलं. शेतीची नासधूस करणारी मोठी आफ्रिकी गोगलगाय माणसानेच तिकडे नेली. तिला खायला म्हणून 1977 मध्ये एक मांसाहारी गोगलगाय सोडली. तिने पार्टुलांचा फडशा पाडला. दहा वर्षांत मोरिआच्या रानात त्या जवळजवळ उरल्या नाहीत. मग प्राणिसंग्रहालयांत जपलेल्या थोड्यांवर त्यांची मदार राहिली.

तीच आफ्रिकी गोगलगाय भारतात 1847 मध्ये कोलकात्यात सोडली गेली. 2022च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडे गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, हे शेतकरी विसरलेला नाही. त्याचा राग रास्त आहे. पण म्हणून दिसेल ती गोगलगाय चिरडू नका. जंगलातल्या बहुतेक जाती कुजका पाला, शेवाळ, बुरशी खाऊन जगतात.

भातशेतीने वेढलेली आपली टेकडीही त्यांच्यासाठी बेटच आहे. इथल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: येत्या पावसाळ्यात मुलांना घेऊन गडावर जा, फक्त रिकामे शंख उचला, आणि प्रत्येकासोबत जागा नि तारीख लिहून शाळेच्या कपाटात जपून ठेवा.