प्रकाशतंतूंचें वळण

परगांवच्या आप्तांशीं बोलतांना आपला आवाज कोणत्या वाटेनें जातो, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. त्या वाटेचा मोठा भाग आतां केसासारख्या बारीक कांचतंतूचा असतो. कांच पुरेशी शुद्ध केल्यास प्रकाशाच्या द्वारें संदेश लांबवर धाडतां येईल, असें चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनीं सन १९६६ मध्यें दाखविलें.

दूरध्वनिकेंद्रांत एका चौकटींतील यंत्र दुसरीशीं जोडणारे जे आंखूड तंतु असतात, त्यांस जंपर म्हणतात. तंतूचा गाभा सुमारें ९ मायक्रॉन जाडीचा. प्रकाश त्यांत कोंडून पुढें जातो. पण तंतु फार वांकविला कीं वळणावर तो बाहेर निसटतो. म्हणून नेहमींच्या तंतूच्या वळणाची त्रिज्या ३० मिलिमीटरहून कमी होऊं देत नाहींत. उरलेली लांबी चकतीवर सैल गुंडाळतात, मऊ पट्टीनें न आंवळतां बांधतात आणि दोन्हीं टोंकांस खुणेची चिठी लावतात.

खरी कसोटी पुढें लागते. शेंकडों जंपरांतून एकच काढावयाचा असतो. गुंता असेल तर शेजारचा तंतु ताणला जातो आणि ज्याचा कांहीं संबंध नाहीं अशा एखाद्या रुग्णालयाचा दूरध्वनि मुका होतो. प्रत्येक जंपर जागच्या जागीं, मोकळ्या वळणानें लावणारा कारागीर त्या रुग्णाचीही सेवाच करीत असतो.