पुंडलिकाची वीट
(कलशारोहणप्रसंगीचे भाषण)



पंढरपुरास चंद्रभागेच्या वाळवंटात पुंडलिकाचे मंदिर आहे. वारकरी स्नान करून आधी त्याचे दर्शन घेतो, मग विठ्ठलाचे. हा मान कशाचा? आईबापांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने दारी आलेल्या देवासही थांबावयास सांगितले, उभे राहण्यास वीट दिली, अशी कथा आहे. देव रागावला नाही. अजून उभा आहे.

कलशारोहणास गाव लोटतो, तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या सासूला पेज भरवीत एखादी सून घरीच राहते. तिचे दर्शन चुकले असे कोणी म्हणू नये. देव तिच्याही दारी थांबलेला असतो. मात्र शेजारणीने घटकाभर म्हातारीच्या उशाशी बसावे, तिलाही कळस पाहू द्यावा. जीर्णोद्धार तेव्हाच पुरा होईल.